सरकारी की सार्वजनिक?

साताऱ्यात किंवा सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला विचारा, ‘कुठल्या विद्यापीठात शिकतोस?’ तो क्षणभर थांबतो आणि कॉलेजचं नाव सांगतो. पुन्हा विचारलं तर म्हणतो, ‘हां, विद्यापीठ होय? शिवाजी.’ त्याचं काही चुकत नाही. त्याच्या लेखी विद्यापीठ ही जाण्या-येण्याची जागा नाही, ते छापलेलं नाव आहे. हॉलतिकिटावर, गुणपत्रकावर आणि शेवटी पदवीच्या कागदावर ते भेटतं. साताऱ्याहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटर. जत-आटपाडीकडून निघालं तर गाड्या बदलत अर्धा दिवस जातो. विद्यापीठाची पायरी एकदाही न चढता पदवीधर झालेली मुलंमुली आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव भेटतील.

वाङ्मय मंडळाचं उद्घाटन, वार्षिक अंकाचं प्रकाशन अशा निमित्तानं माझं या कॉलेजांत जाणं होतं. हार-श्रीफळ झालं, कविता झाल्या, की चहाच्या वेळी मुलं भोवती जमतात आणि मग खरा कार्यक्रम सुरू होतो. ‘सार्वजनिक विद्यापीठ’ हा शब्द त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या तोंडी असतो. ते म्हणतात ‘सरकारी’. आणि सरकारी म्हणताना आवाज किंचित खाली येतो. सरकारी दवाखाना, सरकारी रेशन, तसं सरकारी विद्यापीठ. मुलांची विद्यापीठाविषयीची जी काही बरी-वाईट मतं आहेत, ती बरीचशी या दोन शब्दांमधल्या अंतरात सापडतात, असं मला वाटतं.

कायद्यातला शब्द ‘सार्वजनिक’ असाच आहे. राज्यातल्या विद्यापीठांचा १९९४ चा कायदा नुसताच विद्यापीठांचा कायदा होता. त्याच्या जागी २०१६ चा कायदा आला आणि त्याच्या नावातच ‘सार्वजनिक विद्यापीठ’ हे शब्द बसले. मधल्या काळात खासगी आणि अभिमत विद्यापीठं उभी राहिली होती, तेव्हा वेगळेपण दाखवायला विशेषण लागलं. पूर्वी आपण दुधाला नुसतं दूध म्हणायचो. पिशवीतलं आलं तेव्हा ‘सुटं दूध’ म्हणायची वेळ आली, तसंच हे.

तर सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे कायद्यानं स्थापन झालेलं, राज्यपाल ज्याचे कुलपती असतात आणि नफा मिळवणं हा ज्याचा हेतू नसतो असं विद्यापीठ. गंमत अशी, की त्याला जोडलेली बहुतेक कॉलेजं मात्र सरकारची नसतात. कुठे रयत शिक्षण संस्था, कुठे डेक्कन एज्युकेशन सोसायटी, कुठे बापूजी साळुंखे यांची स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था, कुठे तालुक्यातल्या एखाद्या पुढाऱ्यानं काढलेली संस्था. म्हणजे मूल बसतं संस्थेच्या वर्गात, वर्गातले सर मान्य पदावर असले तर त्यांचा पगार येतो सरकारी तिजोरीतून, आणि कागद मिळतो विद्यापीठाचा. तीन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी मुलांची गत कधी कधी होते. तक्रार घेऊन गेलं की प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बोट दाखवतं.

ही व्यवस्था आजची नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठानं. सांगली-मिरजेच्या मध्ये विश्रामबागेत १९१९ साली विलिंग्डन कॉलेज सुरू झालं, तेव्हा तिथल्या मुलांच्या पदवीवर मुंबईचं नाव यायचं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं आणि नाव बदललं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि पुन्हा बदललं. इमारत तीच, वर्ग तेच, नावं तीन. त्याच काळात जिल्ह्याचीही नावं बदलत होती. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. आपण दोन जिल्हे म्हणतो खरे, पण शिक्षणाच्या बाबतीत हे एकच घर होतं, मधली भिंत नंतर आली.

शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार. सुरुवातीला चौतीस कॉलेजं आणि सुमारे चौदा हजार विद्यार्थी होते. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाकडे राहिले. तरीही संलग्न कॉलेजांचा आकडा अडीचशेच्या पुढे गेलेला आहे. एवढा मोठा संसार म्हटल्यावर प्रत्येक घरी कुलगुरू कसे पोचणार?

आता ‘सार्वजनिक’ या शब्दाकडे येऊ. तो आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. त्यांच्या शेवटच्या ग्रंथाचं नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी जो हिशेब मांडला तो साधा होता. सरकारचा महसूल येतो कष्ट करणाऱ्या रयतेकडून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांवर. पैसा ज्यांचा, त्यांची मुलं शाळेबाहेर. सार्वजनिक पैशाची सार्वजनिक शाळा का नाही, हाच तो सवाल.

त्या सवालाला साताऱ्यानं दिलेलं उत्तर म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी संस्था काढली आणि तिच्या नावात ‘रयत’ हा शब्द ठेवला. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला जेवू लागली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं हे आपण शाळेत ऐकलेलं आहे. त्यापेक्षा कमी ऐकलेली गोष्ट मुष्टी फंडाची. गावातल्या बायका दळायला बसताना मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढून ठेवत. ज्या बाईला स्वतःला अक्षर माहीत नव्हतं, ती दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाचा वाटा रोज जात्यावर भरत होती. सार्वजनिक याहून वेगळं काय असतं?

१९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलांनी शेतात, बांधकामावर राबायचं आणि शिकायचं. स्वातंत्र्यानंतर लगेचच एक वेळ अशी आली, की सरकारनं रयतचं अनुदान थांबवलं. संस्था बंद पडली नाही, कारण ती सरकारवर उभी नव्हती, लोकांवर उभी होती. पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं. मुलं ‘सरकारी’ म्हणतात तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. सरकारचा हात निघाला तरी जे उरतं ते सार्वजनिक. अण्णा स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. आणि रयतच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील १९७५ मध्ये शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

हा झाला इतिहास. आजची मुलं काय म्हणतात?

त्यांच्या बोलण्यात सगळ्यात आधी येतं ते जवळ असणं. खटाव-माणमधली किंवा कवठेमहांकाळकडची मुलगी कॉलेजला जाते, कारण संध्याकाळी घरी परत येता येतं. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला भाड्यात दोनतृतीयांश सवलत आहे. हा पास नसता तर निम्मे वर्ग रिकामे राहिले असते, असं मुलं बोलून दाखवतात आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. मोठ्या शहरातल्या नामांकित खासगी विद्यापीठाची जाहिरात या मुलीही मोबाइलवर बघतात. पण फीचा आकडा बघायच्या आधीच विषय संपलेला असतो, कारण तिथं राहावं लागतं. घरच्यांची परवानगी ही प्रवेशाची पहिली फेरी आहे आणि तिची गुणवत्ता यादी कुठेच लागत नाही.

आमच्या समाजाचं उदाहरण मी जवळून बघितलेलं आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आकडा होता. वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत देशात सुमारे सात टक्के पदवी-पदविकाधारक, तर मुसलमानांत चार टक्क्यांहूनही कमी. तो वाचून आम्ही माना खाली घातल्या. पण मिरजेच्या, कराडच्या मोहल्ल्यांत आज चित्र बदलताना दिसतं, आणि ते बदलतंय ते प्रामुख्यानं मुलींमुळे. बुरख्यातली, ओढणीतली, टिकली लावलेली अशा तिघी एका बाकावर बसून एका पुस्तकातून नोट्स काढताना मी बघितल्या आहेत. या मुलींना विचारलं तर कॉलेज चांगलं की वाईट हा प्रश्न त्या बाजूलाच ठेवतात. कॉलेज गावात आहे म्हणून मी आहे, असं त्यांचं म्हणणं. एखादीची मोठी बहीण दहावीनंतर घरी बसलेली असते, तिच्याशी ती स्वतःची तुलना करते, पुण्या-मुंबईच्या मुलीशी नाही.

मुलांचा, म्हणजे पोरांचा सूर वेगळा. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारी पोरं बघा. सैन्यभरती, पोलिसभरती, नाहीतर एमपीएससी. सैन्याचं नाव काढलं की सातारा जिल्हा आठवतो, ती परंपराच आहे. यांच्यासाठी बी.ए. म्हणजे अर्जातला एक रकाना. ‘ग्रॅज्युएशन लागतं म्हणून केलंय’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता त्याचा राग येत नाही. पदवी चालू असताना कॉलेजपेक्षा ते अभ्यासिकेत जास्त बसतात. अभ्यासिकेला महिन्याचे पैसे द्यावे लागतात आणि तिथं खुर्ची स्वतःची असते. विद्यापीठाचा वाचनकक्ष कोल्हापुरात आहे. जे एम.ए., एम.एस्सी.साठी तिकडे जातात, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसतात, त्यांचं मत एकदम पालटतं. त्यांच्या तोंडी ‘आमचं विद्यापीठ’ येतं. पदवीच्या मुलांना तो अनुभव बहुधा एकदाच येतो, युवा महोत्सवात. लोकनृत्याच्या, पथनाट्याच्या संघात असलेला मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातल्या संघाला टाळ्या वाजवतो, तेव्हा आपण एका मोठ्या गोष्टीचा भाग आहोत हे त्याला कळतं.

तक्रारींत सगळ्यात मोठी तक्रार निकालाची नाही, हे ऐकून मलाही नवल वाटलं होतं. निकाल उशिरा लागतात, गुणपत्रकात नाव चुकतं, दुरुस्तीला खेटे घालावे लागतात, हे सगळं ते सांगतात, पण हसत सांगतात. गंभीर होतात ते शिक्षकांविषयी बोलताना. ‘सर बदलतात.’ दोन शब्दांची तक्रार. तिचा अर्थ समजून घ्यायला हवा.

मान्य पदावरचा प्राध्यापक निवृत्त झाला की ती जागा भरायला सरकारची परवानगी लागते. ती वर्षानुवर्षं येत नाही. मग त्या जागेवर तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे या हिशेबानं कुणीतरी येतं. नेट-सेट झालेला, कधी पीएच.डी. झालेला तिशी-पस्तिशीतला माणूस. सुट्टीचे पैसे नाहीत, मानधन कधी मिळेल त्याचा नेम नाही. तो एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी शिकवतो आणि पुढच्या जूनमध्ये दिसेलच असं नाही. पोरांना अशा सरांविषयी प्रेम असतं. ते तरुण असतात, मन लावून शिकवतात. पण त्यांच्याकडे बघून पोरं एक निष्कर्ष काढतात. एवढं शिकून सरांची ही गत, तर आपण एम.ए. कशाला करायचं? बाकीच्या गैरसोयी सोसता येतात. हा निष्कर्ष मात्र विद्यापीठाच्या मुळावर येणारा आहे, कारण तो वर्गातच, फळ्याशेजारी उभा असतो.

दुसरी गोष्ट फीची. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फीमाफी मिळाली. ई.बी.सी.ची सवलत म्हणून ती ओळखली जायची. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या माणसानं घेतलेल्या त्या निर्णयावर माझ्या वयाच्या कितीतरी लोकांची घरं उभी आहेत. पुढे १९८३ मध्ये सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. मुलं शिकायला कर्नाटकात जातात, पैसा तिकडे जातो, तो इथंच राहू दे, हा त्यामागचा विचार होता. दोन्ही निर्णय एकाच मातीतले. एकानं फी काढून टाकली, दुसऱ्यानं फीवर चालणारं कॉलेज आणलं. दोन्हींतून मुलं शिकली, हे मान्य करायला हवं. आज मात्र हे दोन्ही प्रकार एकाच आवारात नांदतात. खालच्या मजल्यावर अनुदानित बी.ए., फी थोडी. वरच्या मजल्यावर विनाअनुदानित बी.सी.ए., फी कैक पट. विद्यापीठ एकच, जिना एकच. मुलं आपापसात ‘वरचे’ आणि ‘खालचे’ म्हणतात.

सवलती आजही आहेत. जुलै २०२४ मध्ये सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. चांगला निर्णय. पण सवलत मिळवण्याची वाट महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून जाते. आधार बँकेला जोडलेलं नाही, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली, सर्व्हर बंद. हक्काचे पैसे मिळवायला नेट कॅफेवाल्याला आधी पैसे द्यावे लागतात, यावर मुलं विनोद करतात. आणि खाती आली, क्रेडिट आले, २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं, विषय वाढले. त्यावर त्यांचं मत अजून बनतं आहे, तेव्हा मीही घाई करत नाही.

साताऱ्यात एक नवा प्रकार २०२१ मध्ये घडला. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स या रयतच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. समूह विद्यापीठ म्हणतात ते. कायद्यानं हेही सार्वजनिक विद्यापीठच. म्हणजे आता एकाच शहरात दोन मैत्रिणींच्या पदव्यांवर दोन विद्यापीठांची नावं येतात. मुलांत यावर दोन तट आहेत. विद्यापीठ हाताच्या अंतरावर आलं, अभ्यासक्रम ठरवणारे सर समोर दिसतात, असं एक म्हणतो. दुसरा विचारतो, पुण्यात मुलाखतीला गेल्यावर हे नाव कुणाला माहीत असेल? शिवाजी विद्यापीठाला साठ वर्षांची ओळख आहे, २०२१ मध्ये ‘नॅक’चं ए प्लस प्लस मिळालेलं आहे. मला दुसऱ्याची भीती समजते. पण १९६२ साली पदवीवर पुण्याऐवजी कोल्हापूरचं नाव आलं, तेव्हाही हीच शंका निघाली असणार. नावाला वजन कागदामुळे येत नाही, त्या कागदाच्या लोकांमुळे येतं, आणि त्याला एक पिढी लागते. ती पिढी व्हायला कुणी तयार नसतं, हेही खरं.

एवढी मतं असलेल्या या मुलांना विद्यापीठ कधी काही विचारतं का? २०१६ च्या कायद्यानं विद्यार्थी परिषदांच्या खुल्या निवडणुकांची तरतूद केली. निवडणुका मात्र पुढे ढकलल्या जात राहिल्या. विचारण्याची दुसरी वाट ‘नॅक’नं २०१७ मध्ये काढली, विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची. ई-मेलवर प्रश्नावली यायची. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. अभ्यासक्रम किती शिकवला, सर तयारी करून येतात का, अंतर्गत गुण देण्यात पक्षपात होतो का, असे. प्रश्न चांगले आहेत. पण ते सर वर्षाअखेरीस असतील का, हा त्यांत नाही. फी नाही, वसतिगृह नाही, बस नाही. एकविसावी जागा मोकळी सोडलेली होती, तीन सूचना लिहायला.

तिथं काय लिहिलं असतं, असं मी चहाच्या वेळी मुलींच्या एका घोळक्याला विचारलं. पहिल्या दोन सूचनांवर त्यांचं लगेच एकमत झालं. सर वर्षभर तेच असावेत, आणि निकाल पुढच्या प्रवेशाच्या आधी लागावा. तिसरीवरून बराच वेळ वाद चालला. शेवटी ठरलं, प्रॅक्टिकल संपल्यावर गावाकडची गाडी असावी. हे काम विद्यापीठाचं नाही, एसटीचं आहे, असं त्यांच्यातलीच एक म्हणाली. बाकीच्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की तिनं ती सूचना तशीच राहू दिली.